मतपेटी आणि युनियनची पावती

निवडणुका जवळ आल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "कष्टकरी माणसाचा राजकारण्यांवर विश्वासच उरलेला नाही." टीव्हीवरचे तज्ज्ञ हे म्हणतात, ट्रेनमधले चौथ्या सीटवाले म्हणतात, आमच्या ऑफिसच्या कॅंटीनमध्येही कोणीतरी म्हणतंच. आणि मग पुढे दोनच स्पष्टीकरणं येतात. एक तर "लोकांना काही कळत नाही, ते नुसते कडवट झालेत", नाहीतर "राजकारणी सगळेच चोर". संपला विषय. चहा संपला, सगळे आपापल्या जागेवर.

मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. कारण विश्वास उडणं ही काही हवामानासारखी गोष्ट नाही की आज ढग आले आणि उद्या गेले. तो कधीतरी, कशामुळे तरी उडतो. त्याला तारखा असतात. सगळ्या देशाच्या तारखा मला सांगता येणार नाहीत, पण एका ठिकाणच्या बऱ्यापैकी सांगता येतील. ते ठिकाण म्हणजे मुंबईचं गिरणगाव. भायखळ्यापासून दादरपर्यंतचा तो पट्टा, जिथे एके काळी भोंग्यावर घड्याळं लावत.

मी स्वतः गिरणगावातला नाही. मी वाढलो डोंबिवलीत, एका चाळीत. समोरच्या खोलीत एक काका राहायचे, साचेखात्यातले जुने कामगार. संपानंतर त्यांनी वॉचमनगिरी केली, भाजीची गाडी लावली, मग पुन्हा वॉचमनगिरी. मतदानाच्या दिवशी मात्र सकाळी सातला इस्त्रीचा सदरा घालून रांगेत पहिले. आणि परत आले की म्हणायचे, "दिलं मत. आता पाच वर्षं काय व्हायचं नाय." लहानपणी मला हे विनोदी वाटायचं. काही होणार नाही हे माहीत असेल तर सकाळी सातला कशाला उठायचं? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता गेल्या काही वीकेंडांत बरंच वाचन झालं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून नोंदवलेला गिरणगावाचा इतिहास २००४ मध्ये पुस्तकरूपाने आला, तो तर प्रत्येक मुंबईकराने वाचावा असा आहे.

तर सुरुवातीपासून.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. तीसच वर्षांत, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची पहिली संघटना उभी केली. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. रविवारची सुट्टी गिरणी कामगारांना १८९० मध्ये मिळाली ती त्यांच्यामुळे. आज आपण सॉफ्टवेअरवाले शुक्रवारी संध्याकाळी "हॅपी वीकेंड" म्हणतो तेव्हा या माणसाची आठवण कोणालाच येत नाही. असो.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हे कामगार राजकारणापासून फटकून राहणारे कधीच नव्हते. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस या हिशेबाने. पगारवाढीसाठी नाही, बोनससाठी नाही, एका पुढाऱ्यासाठी. म्हणजे पुढाऱ्यावर विश्वास टाकायला हा माणूस तयार होता. नुसता तयार नव्हता, पगार बुडवून तयार होता.

मग तडा पहिल्यांदा कुठे गेला? माझ्या मते १९३८ मध्ये.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकांपूर्वी काँग्रेसने जाहीरनाम्यात कामगारांचा संघटना करण्याचा आणि संप करण्याचा हक्क मान्य केला होता. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं सरकार आलं. आणि पुढच्याच वर्षी त्याच सरकारने औद्योगिक कलहाचं विधेयक आणलं, ज्यात ठरावीक प्रक्रिया न पाळता केलेला संप बेकायदा आणि त्याला तुरुंगवास अशी तरतूद होती. एरवी एकमेकांशी फारसं न पटणारे दोन गट त्या वेळी एकत्र आले. एकीकडे डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष, दुसरीकडे डांग्यांसारखे कम्युनिस्ट. ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप झाला. विधेयक तरीही पास झालं. हे इंग्रजांचं सरकार नव्हतं हो, आपलं निवडून आलेलं सरकार होतं. मला वाटतं "आपलं सरकार" या शब्दांवर पहिलं प्रश्नचिन्ह तिथे लागलं.

पण खरी मेख आहे ती पुढच्या कायद्यात. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, कामगारांच्या भाषेत 'बीआयआर'. हा कायदा नीट समजला नाही तर १९८२ चा संप समजत नाही, म्हणून दोन मिनिटं धीर धरा.

या कायद्याप्रमाणे एका स्थानिक क्षेत्रात एका उद्योगासाठी एकच 'प्रातिनिधिक' युनियन. मालकांशी बोलणी फक्त तिनेच करायची. करार तिने केला की तो सगळ्यांवर बंधनकारक, तुम्ही तिचे सभासद असा वा नसा. वरवर पाहता यात वाईट काही नाही. दहा युनियन दहा दिशांना ओढत बसल्या तर कोणाचंच भलं होत नाही. प्रश्न असा की ही एक युनियन ठरवायची कशी? तुम्ही म्हणाल, कामगारांचं गुप्त मतदान घ्या, सोपं आहे. नेमकं तेच या कायद्यात नव्हतं. युनियनची सभासदसंख्या, म्हणजे फंडाच्या पावत्या आणि नोंदवह्या, सरकारी निबंधक तपासणार आणि तो ठरवणार. मुंबईच्या कापडधंद्यात ही मान्यता मिळाली राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. हा संघ इंटकचा, आणि इंटक काँग्रेसच्या छायेतली. म्हणजे राज्यात सरकार काँग्रेसचं, युनियन काँग्रेसची, आणि ती खरंच कामगारांची आहे का हे तपासणारा अधिकारीही सरकारचा.

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर युजरला लॉगिन दिलंय, पण पासवर्ड बदलायची परवानगी दिलेली नाही. कोणीतरी एकदा सेट करून ठेवलाय आणि तोच चालवायचा.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. १९५१-५२ मध्ये देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. प्रौढ मतदानाचा हक्क सगळ्यांना. रातपाळी करून आलेला बदली कामगारसुद्धा पंतप्रधान कोण व्हावा याबद्दल मत देऊ शकत होता. पण त्याच्या वतीने गिरणीमालकाशी कोणी बोलावं याबद्दल नाही. बाहेर तो नागरिक, गेटच्या आत तो एक पावती. एकाच माणसाला ही दोन जगं रोज ओलांडावी लागत होती. अविश्वासाचं मूळ मला इथे दिसतं. कोणा एका पुढाऱ्याच्या लबाडीपेक्षा हे जास्त खोल आहे, कारण पुढारी बदलला तरी ही रचना तशीच राहते.

१९५० मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी दोन महिने संप केला. तो मोडला. मान्यताप्राप्त संघ जागेवरच राहिला.

मग कामगारांनी काय केलं? त्यांनी मतपेटीतून बोलायचा प्रयत्न केला, आणि पुन्हा पुन्हा केला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव रस्त्यावर होतं, हुतात्म्यांच्या यादीत कामगारांची नावं आहेत. १९५७ ला कॉम्रेड डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले. १ मे १९६० ला राज्य मिळालं, तेही कामगार दिनाच्या मुहूर्तावर. पण बीआयआर जिथल्या तिथे. १९६६ मध्ये शिवसेना आली. ५ जून १९७० ला लालबागचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या होत्या. त्यांचा पराभव करून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. लाल बावटा उतरला, भगवा चढला. बीआयआर जिथल्या तिथे.

हे वाचताना एक गोष्ट मला सारखी जाणवत होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हा मतदार चंचल आहे, आज याच्या मागे, उद्या त्याच्या मागे. पण दहा दारं ठोठावणाऱ्या माणसाला आपण चंचल म्हणतो का? तो एकच प्रश्न घेऊन प्रत्येक दारात उभा राहत होता.

शेवटचं दार घाटकोपरला होतं. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष उसळला आणि स्टॅंडर्ड मिलचे कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या घरी पोचले. सामंत मूळचे डॉक्टर. खाणकामगार, मग इंजिनिअरिंग कारखाने, असं करत त्यांचं नाव झालं होतं. १९७२ मध्ये ते काँग्रेसचेच आमदार होते आणि आणीबाणीत तुरुंगातही गेले. कापडधंद्यात त्यांची युनियन नव्हती. कामगारांनी त्यांना ओढून आणलं म्हटलं तरी चालेल. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. मागण्या पगारवाढीच्या होत्या, घरभाड्याच्या होत्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्या, आणि मुळाशी बीआयआर रद्द करा, आम्हाला आमची युनियन निवडू द्या, ही होती.

सरकारची त्या वेळची अवस्था बघा. सिमेंट प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर बॅ. अंतुल्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं, आणि संप सुरू झाला त्याच आठवड्यात बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी १९८३ मध्ये ते जाऊन वसंतदादा पाटील आले. जेमतेम तेरा महिन्यांत तीन मुख्यमंत्री. कामगारांनी कोणाशी बोलायचं? आणि सरकारची भूमिका शेवटपर्यंत एकच राहिली: संप बेकायदा आहे, बोलणी मान्यताप्राप्त संघाशीच. ज्या संघाच्या विरोधात अडीच लाख माणसं बाहेर बसली होती, त्याच संघाशी! कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे अडीच लाख माणसांचं प्रतिनिधित्व त्या काळातही तोच संघ करत होता. नोंदवह्यांत तसं लिहिलेलं होतं ना.

संपात काय काय झालं ते सगळं इथे लिहीत नाही. गावाकडून तांदूळ-नाचणी आणून दिवस काढले, बायकांचे दागिने गेले, खानावळवाल्या बायांनी महिनोन्‌महिने उधारीवर जेवू घातलं, कित्येक मुलांच्या शाळा सुटल्या. मालकांना घाई नव्हती. गोदामांत माल पडून होता, भिवंडीचे यंत्रमाग चालू होते, आणि जुनाट गिरणीपेक्षा तिच्याखालची जमीन जास्त मोलाची होत चालली होती. हा संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. लाखावर माणसांची नोकरी कायमची गेली.

इथे कोणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की गिरण्या तशाही बुडणार होत्या. यंत्रं जुनी, धंदा पॉवरलूमकडे गेलेला, सामंतांनी परतीची वाट ठेवली नाही. हे मी नाकारत नाही. धंदे बुडतात. आमच्या क्षेत्रातही बुडतात, आणि कोणाच्याही भाषणाने वाचत नाहीत. पण धंदा बुडणं वेगळं आणि बुडताना तुमच्या बाजूने कोणी बोलावं हे ठरवायचा हक्कच नसणं वेगळं. पहिल्याचा राग माणूस नशिबावर काढतो. दुसऱ्याचा सरकारवर.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी तारीख. डिसेंबर १९८४. इंदिरा गांधींची हत्या होऊन दोन महिने झालेले, देशभर सहानुभूतीची लाट, काँग्रेसला चारशेच्या वर जागा. त्या लाटेत मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघाने कोणाला निवडून दिलं? अपक्ष दत्ता सामंतांना. संप हरलेला, घरात दाणा नाही, आणि तरी या माणसांनी मतपेटीत जाऊन सांगितलं की आमचा प्रतिनिधी हा आहे. गुप्त मतदान मागत होतात ना? हे घ्या, निवडणूक आयोगाने घेतलेलं गुप्त मतदान! यापेक्षा स्पष्ट कौल कुठला असतो?

बीआयआर जिथल्या तिथे.

माझ्या त्या समोरच्या काकांचं "काय व्हायचं नाय" हे वाक्य मला इथे येऊन कळलं. ती निराशा नव्हती, तो अनुभव होता. त्यांनी मत देऊन पाहिलं होतं, जिंकूनही पाहिलं होतं.

पुढची गोष्ट जमिनीची. गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन, तीही मुंबईच्या मधोमध. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत असं ठरलं की गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करायचे. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. ऐकायला झकास. पण वाटणी टाळण्याच्या वाटा त्यातच होत्या, आणि मालक जुन्या इमारती तशाच ठेवून आत वेगळे धंदे करू लागले. १९९६ मध्ये युती सरकारने चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा आराखडा दिला. तो कागदावर राहिला. मग २००१ मध्ये, आता आघाडी सरकार, नियम दुरुस्त झाला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. इमारती पाडून मोकळी होईल ती यात धरायची नाही. आता गिरणी म्हणजे बहुतेक जमिनीवर शेडच असणार. तेव्हा वाटायला उरलं किती?

कोडमधल्या एका अटीत एक शब्द बदलला की सगळं आउटपुट बदलतं, हे आम्हाला रोज दिसतं. फरक इतकाच की आमच्याकडे असा बदल करण्याआधी चार जण रिव्ह्यू करतात.

प्रकरण कोर्टात गेलं. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिन्ही वाटे सगळ्या जमिनीवर लागू होतात असं सांगितलं. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं आणि २००१ ची दुरुस्ती कायम ठेवली. दरम्यान सरकारी गिरण्यांचे लिलाव सुरूच होते. दादरच्या कोहिनूर मिलची जागा २००५ मध्ये ४२१ कोटींना गेली. खरेदीदारांत एका माजी मुख्यमंत्र्यांच्या चिरंजीवांची कंपनी होती. हे कायदेशीरच होतं. पण ज्याने त्या गिरणीत आयुष्य काढलं त्याने हे पेपरात वाचल्यावर काय म्हणायचं?

हे सगळं चालू असताना काही माणसं मात्र हिशेब सोडायला तयार नव्हती. बंद गिरण्यांच्या कामगारांनी दत्ता इस्वलकरांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये संघर्ष समिती काढली. इस्वलकर स्वतः मॉडर्न मिलचे कामगार. नोकऱ्या परत येणार नाहीत हे ओळखून त्यांनी मागणी बदलली: निदान घर द्या. उपोषणं, मोर्चे, बैठका, हे तीस वर्षं चाललं. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली, २०१६ मध्ये आणखी दोन, २०२० मध्ये ३,८९४ घरांची. सगळी मिळून १५,८७० घरं. अर्ज होते दीड लाखाच्या वर. म्हणजे साधारण दहात एक. २०२४ मध्ये शेलू-वांगणीला घरं देण्याचा प्रस्ताव आला तेव्हा अनेक कामगार संघटनांनी विरोध केला. आमची गिरणी लालबागला होती, कर्जत लाइनीवर नव्हती, असं त्यांचं म्हणणं. इस्वलकर २०२१ मध्ये गेले.

ही १५,८७० घरं मला फार महत्त्वाची वाटतात. कमी आहेत, उशिरा आली, कित्येक कामगार तोवर गेले आणि चावी मुलांच्या हातात पडली. पण ती कोणाच्या कृपेने आली नाहीत. ज्यांचा सरकारवर काडीचाही विश्वास नव्हता त्यांनी ती मागून, मोजून, पाठपुरावा करून घेतली. उलट, जिथे विश्वास टाकून गप्प बसले तिथे काहीच आलं नाही.

म्हणून "लोकांचा विश्वास परत मिळवला पाहिजे" असं कोणी भाषणात म्हणालं की मला जरा हसू येतं. विश्वास ही भावना आहे असं धरून ही मंडळी बोलतात, आणि मग भावनेवर उपाय करतात. पुतळा, स्मारक, एखादं म्युझियम. गिरणगावाची गरज साधी होती: आमची मोजणी आमच्या मताने करा, आणि ठरलेला नियम मागच्या दाराने बदलू नका. या दोन्ही गोष्टी कायद्याच्या कलमांत करता येण्यासारख्या होत्या. त्यासाठी कोणी महान नेता लागत नव्हता.

आणि हे जुनं प्रकरण आहे असंही समजू नका. आज मुंबईत कंत्राटावर झाडू मारणारा, ॲपवर डिलिव्हरी करणारा, मॉलच्या दारात बारा तास उभा राहणारा माणूस कोणाशी बोलणार? त्याचा मालक कोण हेच त्याला नीट सांगता येत नाही, मग प्रतिनिधी कुठला. १९४६ च्या कामगाराला निदान चुकीची का होईना एक युनियन होती. याच्याकडे मतदान ओळखपत्र आहे, बाकी काही नाही. निवडणुकीच्या दिवशी तोही येईल रांगेत. त्याने "काय व्हायचं नाय" म्हटलं तर त्याला शहाणपण शिकवण्याआधी एकदा विचारा, तुझ्या कामाच्या जागी तुला कोण मोजतं?